निसर्गोपचार घेण्यापूर्वी : माती-पाण्यामागे उभा कोण?

नोव्हेंबरच्या मध्यात, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, आरोग्याच्या दिनदर्शिकेत दोन दिवस येतात. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन आणि १८ नोव्हेंबर हा राष्ट्रीय निसर्गोपचार दिन. पहिला जगभर पाळला जातो. दुसरा केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१८ साली सुरू केला. अन्य राज्यांत या दोन दिवसांचा एकमेकांशी फारसा संबंध कोणी लावत नसेल. गोव्यात तो आपोआप लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. म्हणजे या राज्यात साधारण दर चार प्रौढांमागे एकजण मधुमेही आहे, आणि गोळ्यांचा कंटाळा आलेली माणसे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहेत.

वृत्तपत्राच्या उपसंपादन विभागात बसणाऱ्याला हा संबंध निवेदनांच्या भाषेतून कळतो. 'नैसर्गिक मार्गाने मधुमेहमुक्ती', 'गोळ्यांविना रक्तदाब नियंत्रण', 'काही आठवड्यांत इन्सुलिन बंद' या धाटणीची शीर्षके घेऊन शिबिरांची निवेदने येतात. छापताना 'मुक्ती'चे 'मार्गदर्शन' करावे लागते. परंतु लोक वाचतात ते रस्त्यावरचे फलक आणि मोबाइलवर फिरणारे संदेश. त्यांना उपसंपादक नसतो.

अशा केंद्रांकडे वळणारी माणसे भोळी असतात, हा सोयीस्कर समज प्रथम बाजूला ठेवावा लागेल. बांबोळीच्या गोमेकॉत किंवा जिल्हा इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर बसायला मिळतात ती काही मिनिटे. त्या मिनिटांत रक्ततपासणीचा कागद पाहिला जातो आणि बहुधा एक गोळी वाढते. निसर्गोपचारक मात्र तासभर ऐकून घेतो. झोप किती, पोट साफ होते का, रात्री किती वाजता जेवता, चहात साखर किती, घरात ताण कसला, हे सारे विचारतो. पन्नाशी ओलांडलेल्या, तीन गोळ्यांवरून चौथीवर गेलेल्या माणसाला आपले शरीर आपल्या ताब्यात परत येऊ शकते असे कोणीतरी प्रथमच सांगत असते. त्याला पद्धतीचा इतिहास किंवा तत्त्वज्ञान नको असते. त्याचा प्रश्न साधा असतो : जाऊन बघू का?

या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. माती, पाणी, ऊन आणि मोजके खाणे यांत स्वतःचा असा धोका थोडा आहे. धोका आहे तो उपचारांच्या ओघात जे बंद करायला सांगितले जाते त्यात. आणि ते सांगणारी व्यक्ती कोण, तिची पात्रता काय, चूक झाल्यास ती कोणाला उत्तरदायी, हे आपल्या कायद्याने अजून नीट ठरवलेले नाही. रुग्णाने जाण्यापूर्वी या दोन गोष्टींचा विचार करावा लागतो.

लाइपझिग ते उरुळी कांचन

निसर्गोपचार म्हणजे आयुर्वेदाचीच एक शाखा, असे अनेकजण धरून चालतात. आयुष मंत्रालयाच्या एकाच छत्राखाली सगळे आल्याने हा गोंधळ वाढला आहे. वस्तुतः आज आपण ज्याला निसर्गोपचार म्हणतो, त्याची जडणघडण एकोणिसाव्या शतकातील मध्य युरोपात झाली. सायलेशियातील प्रिस्निट्झ यांचे थंड पाण्याचे उपचार, बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांची जलचिकित्सा आणि लाइपझिगच्या लुई कुने यांचे कटिस्नान या प्रवाहांतून ही पद्धती आकाराला आली. कुने यांचे पुस्तक त्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय भाषांत येऊ लागले. गांधीजींवर त्यांचा आणि अॅडॉल्फ जुस्ट यांच्या लेखनाचा प्रभाव पडला. पोटावरील मातीचा पट्टा त्यांनी जुस्ट यांच्याकडून उचलला आणि आयुष्यभर वापरला.

महाराष्ट्रात या पद्धतीला घर मिळाले ते गांधीजींमुळेच. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजी तेथे मुक्काम करीत. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी ते अखिल भारतीय निसर्गोपचार संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष झाले. निसर्गोपचार दिनाची तारीख तेथून आली. पुण्याची ती वास्तू म्हणजे आजची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था. मात्र पुण्यासारख्या शहरात गरीब खेडूत येणार नाही, हे ध्यानात येताच गांधीजींनी शहरातील बेत सोडला आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तेथे आलेल्या ग्रामस्थांना त्यांनी सूर्यस्नान, कटिस्नान, ताक, फळांचा रस आणि स्वच्छता असे जवळजवळ फुकटचे उपचार सांगितले. पुढे मणिभाई देसाई यांनी तो आश्रम उभा केला. आज किनारपट्टीवरील आलिशान 'वेलनेस' निवासांत तीच माती सुगंधी तेलासोबत आणि चढ्या दराने मिळते, हा काळाचा विनोद म्हणायचा.

गांधीजींच्या नावाने 'शस्त्रक्रिया नको, औषध नको' असे सांगणाऱ्यांनी आणखी एक प्रसंग ध्यानात ठेवावा. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाकडून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण करावी लागली. निसर्गोपचारावर श्रद्धा असलेला माणूस आपल्या पद्धतीच्या मर्यादेपाशी थांबला आणि जगला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

जे खरे आहे

निसर्गोपचाराच्या बाजूने जे बोलता येते ते मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण ते थोडे नाही. आहाराने प्रकार दोनचा मधुमेह मागे हटू शकतो, ही गोष्ट आता केवळ श्रद्धेची राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सहभागी रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींचा आहार देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांतील ४६ टक्के रुग्णांची साखर मधुमेहाच्या गोळ्यांविना मर्यादेत होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरलेल्यांमध्ये यश सर्वाधिक होते. शिबिरांतील वक्ते अशा आकड्यांचा आधार घेतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात.

ते जे सांगत नाहीत, ते मात्र तितकेच महत्त्वाचे आहे. त्या चाचणीत इन्सुलिन घेणारे रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेलेही नव्हते. गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या गेल्या हे खरे, पण ठरलेल्या नियमावलीनुसार आणि साखर व रक्तदाब वाढल्यास पुन्हा सुरू करण्याच्या तयारीने, प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. आणि दोन वर्षांनी ४६ चा आकडा ३६ वर आला होता. म्हणूनच मधुमेहतज्ज्ञ 'मुक्ती' हा शब्द टाळतात. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या व्याख्येनुसार, औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहिले, तर रोग 'शमला' असे म्हणता येते. शमलेला रोग उलटतो, हे मराठीत वेगळे सांगण्याची गरज नाही.

रक्तदाबाचेही तसेच. मीठ कमी, फळे-भाज्या अधिक, वजन आटोक्यात आणि नियमित हालचाल यांनी रक्तदाब उतरतो, याबद्दल कोणत्याही वैद्यकशाखेत दुमत नाही. निसर्गोपचार केंद्रातील दहा दिवसांत माणूस वेळेवर झोपतो, दारू-सिगारेट सुटते, तळलेले बंद होते, सकाळी चालणे होते. त्याला बरे वाटले नाही तरच नवल. त्या बरे वाटण्यात पोटावरच्या मातीचा वाटा किती आणि रात्री आठ वाजता जेवण्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. रुग्णाला त्याची फिकीर नसते, नसावीही. एवढेच की, केंद्रातून परतल्यावर घरी मातीचा पट्टा नसला तरी आठचे जेवण चालू ठेवता येते, आणि बहुधा तेच सुटते.

बंद केलेल्या गोळ्यांचे काय?

खरी कसोटी येते ती पहिल्या दिवशी, गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवल्यावर. समोरचा माणूस त्यातील प्रत्येक गोळी ओळखतो का आणि तिच्याबद्दल काय म्हणतो, याकडे नीट लक्ष द्यावे.

प्रकार एकच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवीतच नाही. अशा रुग्णाचे, विशेषतः मुलाचे, इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत कीटोॲसिडोसिस होऊन जीव जाऊ शकतो. येथे कोणताही आहार पर्याय ठरत नाही. प्रकार दोनमध्ये गुंतागुंत निराळी आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. 'ग्लिफ्लोझिन' गटातील गोळ्या अलीकडे सर्रास दिल्या जातात. त्या घेत असताना कडक उपवास केला, तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो आणि रुग्ण खालावत जातो. म्हणजे उपवासात गोळी चालू ठेवली तर एक धोका, डोळे मिटून बंद केली तर दुसरा. कोणती, कधी, किती कमी करायची, हा निर्णय ज्याने त्या औषधांचे शिक्षण घेतले आहे त्याचाच असू शकतो.

दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडता येत नाही. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवायला लगेच लागत नाही आणि रुग्ण कोसळतो. अपस्माराची गोळी अचानक थांबवल्यास झटक्यामागून झटके येऊ शकतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण वॉरफरिन घेत असेल, तर रोज पेलाभर हिरव्या पालेभाज्यांचा रस त्या औषधाचा परिणाम कमी करतो, कारण त्या भाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला गरम पादस्नान दिले, तर पाणी किती गरम आहे हे त्याला कळतच नाही. फोड येतात आणि त्या पायांवरची जखम लवकर भरत नाही. यातले काहीही दुर्मीळ किंवा गूढ ज्ञान नाही. चांगला निसर्गोपचारक हे सारे जाणतो आणि नाव नोंदवण्यापूर्वीच विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून उठून यावे.

याच ठिकाणी एका संकल्पनेबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या पद्धतीतील सर्वांत नाजूक गाठ तिथे आहे. निसर्गोपचारात 'हीलिंग क्रायसिस' असा शब्दप्रयोग रूढ आहे. शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडू लागली की आधी त्रास वाढतो, डोके दुखते, मळमळते, पुरळ उठते, ताप येतो आणि मग आराम पडतो, अशी ही धारणा. उपवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चहा सुटल्याने डोके दुखणे, अंग गळून जाणे, तोंडाला वास येणे हे घडते आणि ओसरते, हे खरे. पण मळमळ, उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास, श्वासाला फळासारखा गोडसर वास, गुंगी ही कीटोॲसिडोसिसचीही लक्षणे आहेत. एकच चित्र केंद्रातला माणूस 'विष निघते आहे' असे वाचतो आणि गोमेकॉच्या आपत्कालीन विभागातील डॉक्टर 'ताबडतोब दाखल करा' असे. रुग्णाला ज्या खुणेने सावध व्हायचे, तीच खूण त्याला शुभवार्ता म्हणून सांगितली जाते. नातेवाईकही मग धीर धरतात. म्हणून केंद्रात दाखल होण्यापूर्वी विचारायचा सर्वांत उपयुक्त प्रश्न असा : कोणती लक्षणे दिसली तर तुम्ही उपचार थांबवून मला इस्पितळात पाठवाल? 'तशी वेळ येतच नाही' हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

रसांबद्दलही एक शब्द. 'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. आपल्या परसातल्या झाडाला बुंध्यापासून लगडणारी आंबट बिंबले घ्या. माशाच्या हुमणात दोन-चार पडली तर काही बिघडत नाही. केरळमध्ये मात्र कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी त्यांचा दाट रस पिणाऱ्या दहा रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाल्याची नोंद तेथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. त्यांतील सातजणांना डायलिसिसवर ठेवावे लागले. कारण रसातील ऑक्झॅलेट. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सूचना दिली : दुधीचा लहान तुकडा आधी चाखावा, किंचितही कडू लागला तर रस टाकून द्यावा आणि दुसऱ्या रसात मिसळून चव झाकू नये. आधीच मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी, आणि गोव्यातल्या जुन्या मधुमेहींत असे पुष्कळ असणार, क्रिएटिनिन तपासल्याशिवाय कोणताही रसाहार सुरू करू नये.

कर्करोगाच्या दारात

मधुमेहात चूक सुधारायला बहुधा अवधी मिळतो. कर्करोगात तो मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि आहारनियमन यांनी बरा झाल्याचे सांगितले. ध्वनिचित्रफीत घराघरांत पोहोचली. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना एकत्रित निवेदन काढून, या दाव्यांना पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असे सांगावे लागले. सिद्धू यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, हे वाक्य मात्र चित्रफितीइतके फिरले नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कर्करोग शरीरात अन्यत्र न पसरलेल्या, पण प्रस्थापित उपचारांऐवजी केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनांच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. हा अभ्यास पर्यायी उपचार 'ऐवजी' घेणाऱ्यांचा आहे, 'सोबत' घेणाऱ्यांचा नव्हे. केमोथेरपी घेताना कोणी प्राणायाम केला, हलका मसाज घेतला, तर त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. रस आणि काढे मात्र कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच. स्तनातील गाठ निसर्गोपचाराने 'विरघळेल' म्हणून थांबलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

पाटीवरचे 'डॉक्टर'

आता मूळ प्रश्न. समोर बसलेली व्यक्ती कोण?

देशात निसर्गोपचाराची एक पूर्ण पदवी आहे : बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार व योगविज्ञान पदवी. इंटर्नशिप धरून ती साडेपाच वर्षांची असते आणि त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, निदान हे विषय शिकवले जातात. आपल्याला जवळचे उदाहरण दक्षिण कन्नडमधील उजिरे येथील महाविद्यालयाचे. ते १९८९ पासून चालू आहे. दुसऱ्या टोकाला पत्रव्यवहाराने मिळणाऱ्या पदविका आणि काही आठवड्यांची प्रमाणपत्रे आहेत. दोन्ही टोकांच्या माणसांच्या पाटीवर मात्र 'निसर्गोपचार तज्ज्ञ' हेच शब्द असू शकतात, आणि नावाआधी 'डॉ.'ही.

असे का होते? भारतीय वैद्यकपद्धतींसाठी संसदेने २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आल्या. योग आणि निसर्गोपचार आले नाहीत. याउलट रुग्णालये व दवाखाने यांच्या नोंदणीसाठी केलेल्या २०१० च्या केंद्रीय कायद्यात निसर्गोपचाराचा 'मान्यताप्राप्त पद्धती' म्हणून नावानिशी उल्लेख आहे. केंद्राचे एक मंत्रालय या पद्धतीचा राष्ट्रीय दिन पाळते, एक कायदा तिला मान्यता देतो, आणि जो कायदा शिक्षण व व्यवसायाचे नियमन करतो तो तिला बाहेर ठेवतो. नोंदणीचा भार त्यामुळे राज्यांवर पडतो. शेजारच्या कर्नाटकात १९६१ पासूनच्या कायद्याखाली निसर्गोपचारकांची नोंदणी होते. सर्वत्र तशी सोय नाही. म्हणून गोव्यातील रुग्णाने पदवीचे नाव, ती देणारे विद्यापीठ आणि नोंदणी कोणत्या राज्यात, कोणत्या क्रमांकाने झाली, हे थेट विचारावे. खऱ्या पदवीधराला हा प्रश्न अपमानास्पद वाटत नाही. भोंदूंच्या गर्दीत आपली साडेपाच वर्षे बुडतात, ही त्याचीच तर तक्रार असते.

दुसरी खूण पुडीची. निसर्गोपचार ही औषधविरहित पद्धती आहे, असे आयुष मंत्रालयच सांगते. तेव्हा निसर्गोपचारकाने लेबल नसलेले चूर्ण किंवा गोळ्या हातात ठेवल्या, तर तो आपल्या शास्त्राच्या बाहेर गेला. आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अशा पुड्यांत जड धातू आणि लपवलेले स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. आयुर्वेदिक औषध हवे असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे जावे. धारगळला डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानच आहे. पेडण्याच्या माणसाला त्यासाठी दूर जावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात, होमिओपॅथीच्या डॉक्टराने आधुनिक औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरवला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिच्यात हात घालणारा भोंदू, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याच न्यायाने, इन्सुलिनचा डोस न शिकलेल्या माणसाने तो बदलणे काय ठरते, याचा विचार व्हायला हवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हेही न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र आयोगाकडे दाद मागायची तर हाती कागद लागतो. शिबिराचे शुल्क रोख देऊन पावती न घेणारा रुग्ण आपला हा हक्क तेथेच सोडून येतो. फसव्या जाहिरातींबाबत १९५४ चा औषधे व चमत्कारिक उपाय कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा हे सारे आहेत. पण त्याची भाषा 'औषध' आणि 'चमत्कारिक उपाय' या दोन शब्दांभोवती फिरते. औषधच देत नाही म्हणणाऱ्या शिबिराला ती कितपत लागू पडते, यावर वाद घालायला जागा राहते.

विमा कंपनीची चाळणी

खर्चाचा मुद्दा अनेकांना शेवटी आठवतो, म्हणजे बिल हाती आल्यावर. विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देण्यास कंपन्यांना सांगितले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. त्यावरून 'आता निसर्गोपचारही विम्यात' असा निष्कर्ष काढला जातो. आपल्या पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी काढून पाहा. प्रमाणित कलमांपैकी तेरावे कलम जलोपचार केंद्रे, 'नेचर क्युअर क्लिनिक', स्पा आणि तत्सम ठिकाणच्या उपचारांचा खर्च वगळते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार वाटतो खरा, पण त्यात एक तर्क आहे. विम्याला 'आयुष रुग्णालय' चालते, आरामगृह चालत नाही.

खासगी आयुष रुग्णालय कशाला म्हणायचे, याच्या विम्यातील अटी वाचण्यासारख्या आहेत : स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी, रुग्णांसाठी किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र आयुष वैद्यक, उपचारांसाठी स्वतंत्र कक्ष आणि प्रत्येक रुग्णाची रोजची नोंद. ज्याच्याकडे विमा नाही त्यानेही हीच चाळणी वापरावी. विशेषतः रात्रीच्या वैद्यकाची. उपवासाच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता साखर पन्नासवर आली, तर केंद्रात जागे कोण असते? जेथे रोजचा रक्तदाब, साखर, वजन आणि दिलेले उपचार लिहून ठेवले जातात, तेथील कागद दुसऱ्या दिवशी गोमेकॉच्या डॉक्टरलाही वाचता येतो. जाण्यापूर्वी एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि हृदयालेख काढून घ्यावा आणि परतल्यावर तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. शिबिराच्या शेवटच्या दिवशी बोटाला सुई टोचून दाखवलेला आकडा हा दहा दिवस अर्धपोटी राहिल्याचा आकडा असतो.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरपासून हे लपवण्याची प्रवृत्ती मात्र सोडावी लागेल. रुग्ण सांगत नाहीत, कारण डॉक्टर रागावतात. डॉक्टरांनीही हे समजून घेतले पाहिजे की त्यांच्या रागाने उपवास थांबत नाही, फक्त त्याची माहिती थांबते. 'या तारखेपासून दहा दिवस कमी खाणार आहे, कोणती गोळी किती कमी करू' असे विचारणाऱ्या रुग्णाला नीट उत्तर मिळाले, तर अर्धा धोका तेथेच टळतो.

राहिला सरकारचा वाटा. देशात सर्वाधिक मधुमेह असलेले राज्य आरोग्य पर्यटनाची स्वप्ने पाहत असताना, येथे निसर्गोपचाराच्या नावाने काम करणाऱ्यांची एक सार्वजनिक यादी असणे ही फार मोठी अपेक्षा नव्हे. त्यासाठी केंद्राच्या कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर नाव, पदवी, विद्यापीठ, नोंदणी क्रमांक आणि केंद्रातील खाटांची संख्या एवढे पाच रकाने असले, तरी म्हापशाचा किंवा काणकोणचा माणूस घराबाहेर पडण्यापूर्वी मोबाइलवर ते पाहू शकेल. तोपर्यंत हे पाचही प्रश्न त्याला स्वागतकक्षात उभे राहून स्वतःच विचारावे लागणार आहेत.